डाव्या पंखातलं तांबं

आमच्या गाळ्यात पेन्सिल आणायची नाही, हा माझा नियम होता. विक्रोळीला खाडीच्या बाजूला एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथे तळमजल्यावर एक लांबट गाळा भाड्याने घेऊन माझा धाकटा भाऊ दोन माणसांचं छोटं विमान बांधत होता. बांधणारा तो, आणि बांधलेलं गंजू नये म्हणून पाठीमागे लागणारी मी. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर त्याची रेघ मारली आणि हवेतला खारट ओलावा मिळाला, की रेघेखालचा पत्रा झिजायला लागतो. भावाला सुतारासारखी कानावर पेन्सिल खोचायची सवय. एकदा दिसली तेव्हा मी ती काढून घेतली, मोडली आणि इतकी ओरडले की शेजारच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनवणारा माणूस मशीन बंद करून बघायला आला. भाऊ म्हणाला, "सॉरी ताई." सॉरी म्हणण्यात तो लहानपणापासून पटाईत आहे.

मी रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, प्रयोगशाळेत. आमच्याकडे एक पेटी होती. तिच्यात मिठाच्या पाण्याचा फवारा सतत चालू असायचा, आणि रंगवलेल्या पट्ट्या आत टांगलेल्या असायच्या. कुठला रंग किती टिकतो ते बघायचं. माझी उमेदीची वर्षं त्या पेटीच्या काचेला नाक लावून गेली. घरी मी त्याबद्दल बोलायला लागले की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. ऐकणारा एकटा भाऊच होता. तो अंधेरीला विमानतळावर विमानांच्या देखभालीचं काम करायचा, पगारातून साठवून साठवून विमान चालवायला शिकला होता, आणि स्वतःचं विमान स्वतः बांधायचं हे खूळ त्याच्या डोक्यात कॉलेजपासून होतं. नकाशे आले, पत्रे आले, तेव्हा तो मुलुंडला माझ्या घरी आला आणि म्हणाला, "ताई, बांधीन मी, पण मुंबईच्या हवेत ते टिकवणार तू. पहिलं उड्डाण मला एकट्यालाच करावं लागेल. त्यानंतर शेजारची सीट तुझी. दुसऱ्या कुणाची नाही."

मला आयुष्यात फार कुणी काही देऊ केलेलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच रविवारी मी गाळ्यात एक प्रयोग मांडला. काचेच्या तीन पेल्यांत मिठाचं पाणी घेतलं. एकात नुसती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दुसऱ्यात पट्टीला पोलादी बोल्ट बांधलेला, तिसऱ्यात पट्टीला तांब्याची तार गुंडाळलेली. पेले खिडकीत ठेवून दिले. घाटकोपरला भावाबरोबर राहणारी आई तेव्हा हौसेने गाळ्यात यायची, खुर्ची टाकून बसायची. पेले बघून म्हणाली, "ह्या काय गो, लोणचा घातलंस?" काही दिवसांनी पहिली पट्टी जवळजवळ तशीच होती. बोल्टवाल्या पट्टीवर पांढरा थर धरला होता. तांब्याची तार असलेली पट्टी मी चिमटीत धरून उचलली तर हातात तुकडा आला. बाकीची पेल्याच्या तळाला पांढऱ्या गाळात पडली होती. आई त्या दिवशी आली नव्हती, तिने ते पाहिलं नाही. भावाने पाहिलं. मी त्याला नीट समजावलंसुद्धा. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरीचा सेल तयार होतो. त्यात एक धातू शाबूत राहतो आणि दुसरा झिजतो. आपल्या विमानात झिजणारा नेहमी अ‍ॅल्युमिनियमच असणार. पोलाद त्याला त्रास देतं, पण तांबं सगळ्यात वाईट. भाऊ तुकडा बोटांत कुस्करून म्हणाला, "बाप रे. बिस्किट झालंय याचं."

हे मी मुद्दाम सांगतेय. त्याला माहीत नव्हतं असं पुढे कुणी म्हणू नये.

मग आमचे रविवार सुरू झाले. तो पत्रे कापायचा, भोकं पाडायचा, कडा घासायचा. मी प्रत्येक तुकडा हिरव्या घासणीने घासून, पुसून त्याला दोन्ही बाजूंनी प्रायमर लावायची. लोखंडी काथ्याला गाळ्यात प्रवेश नव्हता, कारण त्याचे कण पत्र्यात रुततात आणि मग तिथेच गंज धरतो. जिथे पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममधून जायचा तिथे बोल्ट मुलामा दिलेला पाहिजे, त्याच्याखाली वॉशर पाहिजे, आणि तो प्रायमरमध्ये बुडवून ओला असतानाच बसवला पाहिजे, म्हणजे धातूला धातू उघडा लागत नाही. आम्ही याला 'ओल्यात बसवणं' म्हणायचो. हात चिकट व्हायचे, वास डोक्यात जायचा, देवनारच्या कचराडेपोकडून वारा आला की त्यात आणखी भर पडायची. पण मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू, आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार होते ते.

कामाची आमची एक पद्धत होती. पंख म्हणजे शेवटी पत्र्याचा डबाच. एकदा वरचा पत्रा रिव्हेट मारून बंद केला की आतलं दिसत नाही. हात जाईल एवढी दोन-तीन झाकणं असतात, बस. म्हणून कुठलाही डबा बंद करण्याआधी दोघांनी टॉर्च घेऊन आत बघायचं. आधी त्याने, मग मी. मी 'बंद कर' म्हटल्याशिवाय रिव्हेट मारायचा नाही. हे त्यानेच ठरवलं होतं. विमानतळावर असंच करतात म्हणाला, एकाचे डोळे चुकतात.

उजवा पंख असा बंद झाला. डाव्या पंखाचा शेवटचा पत्रा स्प्रिंगच्या पिनांवर तात्पुरता टांगलेला होता आणि दसरा आला. नेमका तेव्हा माझ्या मुलीला पुण्याच्या हॉस्टेलवर डेंग्यू झाला आणि मी तिकडे पळाले. निघताना भावाला फोन केला. "पंख बंद करू नकोस हं, मी येईपर्यंत." तो म्हणाला, "तू पोरीकडे बघ. पंख कुठे पळून जात नाही."

दसऱ्याला आमच्या इस्टेटमध्ये सगळ्या गाळ्यांत पूजा असते. लेथला हार, ड्रिलला हार, कंप्रेसरला हळदकुंकू, दारात नारळ. भावाने फोटो पाठवले. पंखाला झेंडूची माळ, आई खुर्चीत नव्या लुगड्यात, माझा नवरा नारळ फोडताना. मुलीच्या उशाशी बसून मी ते फोटो तिला दाखवले. आपण तिथे नाही म्हणून जरा रडूही आलं.

परत आले तर पंख बंद होता. रिव्हेटच्या सरळ रांगा, वर माझाच प्रायमर व्यवस्थित लावलेला. मी एका रांगेवरून बोट फिरवलं.

"मुहूर्त होता गं ताई," भाऊ म्हणाला. "आई आली होती, सगळे होते. आत तू सोडलंस तसंच आहे. रिव्हेट ओल्यातच मारलेत, शपथ."

"पण ठरलं होतं ना आपलं?"

"माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

मी म्हटलं, "आहे रे." आणि पुढच्या तुकड्याला हात घातला.

त्यानंतर पावसाळे गेले. इंजिन आलं, चाकं बसली, बसायच्या जागेवर काचेची टोपी बसली, परवानगीसाठी भावाचे हेलपाटे झाले. कुणी कुणी बघायला यायचं आणि फोटो काढायचं. भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "ही माझी ताई. हिच्याशिवाय या विमानाचा डबा झाला असता." मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या, वयाचा विचार न करता. शेवटी दिवाळीनंतर पंख सोडवून विमान ट्रकवर चढवायचं आणि घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर न्यायचं ठरलं. ट्रकवाल्याशी बोलणंही झालं.

पंखाच्या पोटाला, मागच्या कडेजवळ, पाणी निथळायची बारीक भोकं असतात. मी अधूनमधून तिथून पांढरं फडकं फिरवायची. काही निघालंच तर कळावं म्हणून. कधी धूळ निघायची, कधी काहीच नाही. ट्रक यायच्या आदल्या रविवारी सकाळी डाव्या पंखाखाली फडकं फिरवलं आणि पिठासारखी भुकटी लागली. बोटाने पंखावर टिचक्या मारल्या तर आणखी पडली. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कुठेतरी झिजतंय, हे मी झोपेतही सांगेन. पण मी फडकं उजेडात नेऊन बघितलं. भुकटीला हिरवट झाक होती.

हिरवं म्हणजे तांबं. आमच्या पंखात तांब्याचं काही नव्हतं. नकाशातही नव्हतं आणि माझ्या डोळ्यांदेखतही कधी गेलं नव्हतं.

भाऊ इंजिनाशी काहीतरी करत होता. मी फडकं त्याच्यापुढे धरलं. "या पंखात तांब्याचं काही आहे का रे?"

त्याने फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत इंजिनाकडे. "दिव्याच्या वायरचा एखादा तुकडा पडला असेल गं आत."

"आपली वायर कथिलाच्या मुलाम्याची आहे."

"मग काय माहीत. कचरा असेल. ताई, तू पण ना, जाम टेन्शन घेतेस. थांब, चहा आणतो."

आणि तो गेला. मी त्याला जन्मापासून ओळखते. चहा आणायला तो कधी स्वतः जात नाही, फोन करतो.

तो गेल्यावर मी पंखाखालच्या झाकणाचे स्क्रू काढले. मोबाईलला जोडायचा वायरीवरचा बारीक कॅमेरा आमच्याकडे होता. तो आत सरकवत गेले. माझा प्रायमर दिसत होता, हिरवट-पिवळा, एकसारखा. माझंच काम, मला ओळखू येत होतं. मग पंखाचा मुख्य दांडा आला, ज्याच्यावर अख्ख्या पंखाचा भार असतो. त्याच्या खालच्या काठावर काहीतरी काळपट गोल दिसलं. कॅमेरा जवळ नेला. दांड्याच्या भोकातून लाल-पिवळा नाडा ओवलेला होता, आणि त्या नाड्याने एक नाणं दांड्याला आवळून बांधलं होतं. नाण्याच्या मध्ये भोक होतं. नाड्यावर हळदीकुंकवाचा गठ्ठा वाळलेला होता. आणि नाण्याभोवती माझा प्रायमर फुगून पापुद्रे सुटले होते, आत पांढरं-हिरवं पिकल्यासारखं दिसत होतं.

ते नाणं मी लगेच ओळखलं. आईच्या देव्हाऱ्यातला भोकाचा पैसा. तिच्या वडिलांचा.

माझे आजोबा मालवणकडे खाडीवर होड्या बांधायचे. नवी होडी बांधली की डोलकाठी उभी करायच्या आधी तिच्या बुडाखाली ते तांब्याचं नाणं ठेवायचे, म्हणजे दर्याने होडीला हात लावू नये. ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलीय की मला त्या होड्यांचा वास येतो. लाकडात ते नाणं शंभर वर्षं राहिलं तरी काही बिघडत नाही. होडीचे चांगले खिळेही तांब्याचेच असतात. आणि आमच्या लोकांनी ते उचलून अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात बांधलं, वर तीर्थ शिंपडलं, आणि सगळं झाकून टाकलं. खाडीच्या हवेत तो सुती नाडा ओलावा धरून बसला असणार. माझ्या खिडकीतला तिसरा पेलाच त्यांनी पंखात बांधून ठेवला होता.

भाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत चहा घेऊन आला. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्याने पिशवी बाकावर ठेवली आणि स्टुलावर बसला.

"दसऱ्याला?" मी विचारलं.

"हो."

"आणि आत्ता मी विचारलं तेव्हा वायरचा तुकडा म्हणालास."

"आता उघडायचं म्हणजे अख्खा पंख गेला ना ताई. ट्रक ठरलाय. मला वाटलं, एवढ्याशा नाण्याने काय होतंय."

"तू पेला बघितला होतास."

त्याने मोबाईल बाजूला सारला.

"पट्टी हातात कुस्करलीस तू. तूच बिस्किट म्हणालास."

"आईला नाही म्हणता आलं नाही गं," तो म्हणाला. "म्हातारं माणूस. इतक्या हौसेने घेऊन आली होती."

"आणि मला खोटं सांगता आलं."

"तू किती ओरडली असतीस, माहितीय ना तुला?"

खरं सांगते, तेव्हा मी ओरडले नाही. मला ओरडता आलंच नाही. मी म्हटलं, "त्यात तू मला बसवणार होतास."

तर तो काय म्हणाला? "मी पण बसणारच होतो ना तुझ्याबरोबर."

जणू त्याने माझ्यावर उपकारच केले असते. दोघं एकदम खाली आलो असतो म्हणजे हिशेब सारखा. त्या वाक्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी पर्स उचलली आणि घरी आले. चहाची पिशवी तशीच बाकावर राहिली.

घरी नवरा मोबाईल बघत बसला होता. मी त्याला विचारलं, "दसऱ्याला पंखात नाणं बांधलं, तू होतास ना तिथे?"

"होतो की," तो मान वर न करता म्हणाला. "आईंची श्रद्धा. तुला सांगून उगाच डोक्याला ताप कशाला, म्हणून कुणी बोललं नाही."

म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी पुण्याला पोरीच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते, आणि इकडे हे सगळे झेंडूच्या माळेखाली उभे राहून मला काय सांगायचं नाही ते ठरवत होते. नंतर इतक्या रविवारी मी डबा घेऊन त्या गाळ्यात गेले, त्या पंखाखाली बसून सगळ्यांबरोबर जेवले, आणि माझ्या डोक्यावर काय बांधलंय हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. माझ्यापासून दुसरं कुठलंही गुपित ठेवलं असतं तरी मला काही वाटलं नसतं. माझ्या साठाव्या वाढदिवसाला त्यांनी गुपचूप केक आणला तर मी खूश होईन. पण ज्या एका कामासाठी मला त्या गाळ्यात बोलावलं होतं, त्याच कामात मला फसवलं. बाकी सगळं मी पोटात घातलं असतं.

पंख उघडायला लागणारच होता. पुढच्या रविवारी ट्रक रद्द करून आम्ही रिव्हेट ड्रिलने उडवले, एकेक. पत्रा निघाला. मी नाडा कापला आणि नाणं उचललं, तर त्याच्याखाली दांड्यात बोटाचं पेर बसेल एवढा खड्डा होता. कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, नुसतं टेकवलं, तर पापुद्रे सुटत गेले. भावाने खड्ड्यात बोट घालून बघितलं. त्याला विमानं कळतात. पंखाचा भार त्या जागी किती येतो हे मला त्याला सांगायची गरज नव्हती.

"वाट लागली असती ताई," तो हळूच म्हणाला.

मी नाणं फडक्यात गुंडाळलं आणि तशीच घाटकोपरला आईकडे गेले.

आई जमिनीवर पेपर पसरून जवळा निवडत बसली होती. मी तिच्यापुढे नाणं ठेवलं. तिने ते उचललं, पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "काढलंस? कित्याक गो?"

मला तिच्यावर रागवायचं होतं. रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. म्हटलं, "आई, तांब्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं. पंख मोडला असता. आम्ही दोघं मेलो असतो."

"तांब्यान काय होता? होडयेक तांब्याचेच खिळे."

"लाकडाला चालतं ते. याला नाही."

ती बराच वेळ नाणं बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझ्यासाठीच घातलंय गो. तू बसतलस मां तेच्यात. तो रोज विमानांतच असता, तेका सवय. तुझी माका भीती."

आणि मग ती जे बोलली त्याची मला कल्पनाच नव्हती.

"पण मी इचारलेलंय तेका," आई म्हणाली. "तुझी ताय सारखा सांगता, ह्या ह्येका लावूचा नाय, त्या तेका लावूचा नाय. म्हणान मी तेका इचारलंय, ह्या चलतला मां रे? नाय म्हणालास तर देव्हाऱ्यात ठेवतंय. तर म्हणालो, चलतला आये, काय होना नाय. आणि तुका सांगू नको, असा तोच म्हणालो."

मी तिला परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं, शब्द न बदलता. तिने विचारलं होतं. नाही म्हटलं असतं तर तिने नाणं मुकाट्याने पिशवीत टाकून घरी आणलं असतं. आईला नाही म्हणता आलं नाही, हेही खोटं होतं.

मग का? हा प्रश्न मी त्याला गाळ्यातच विचारला, नव्या दांड्याला प्रायमर लावताना. हो, लावत होते मी. काम अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही, आणि तो उडणारच होता, मी असो नसो. तो विमानाच्या शेपटीला टेकून उभा होता.

"मलाच हवं होतं ते," तो शेवटी म्हणाला. "आईने पिशवीतून नाणं काढल्यावर मला एकदम बरं वाटलं. भीती वाटायची गं ताई मला. स्वतः बांधलेल्या विमानात बसायचं म्हणजे… तुझ्या रंगावर विश्वास होता माझा. पण…"

"पण काय?"

तो शेपटीवरची धूळ पुसायला लागला. मी ब्रश चालवत राहिले. माझ्या इतक्या वर्षांच्या रविवारांवर त्याला एक देव्हाऱ्यातलं नाणं बांधावंसं वाटलं, आणि ते मला सांगण्याची हिंमत झाली नाही. भीती वाटते असं म्हणाला असता तर मी त्याच्याजवळ बसले असते. नाणं प्लॅस्टिकच्या डबीत घालून सीटच्या खिशात ठेवून दिलं असतं, हजार उपाय होते. त्याने विचारायला हवं होतं, एवढंच.

हे ऐकून एका मैत्रिणीने मला सांगितलं की धातू माणसांसारखेच असतात, दोन वेगळे जवळ आले की एक दुसऱ्याला खातो. मी तिला म्हटलं, धातूंना उगाच बदनाम करू नकोस. अ‍ॅल्युमिनियमने माझ्यापासून काहीही लपवलं नाही. झिजायला लागलं तसं फडक्यावर येऊन सांगितलं.

नवा पंख तयार झाला. बंद करण्याआधी भावाने टॉर्च माझ्या हातात दिला. मी आत बघितलं, सगळ्या कोपऱ्यांतून. मग 'बंद कर' म्हटलं आणि शेवटचा रिव्हेट मारून होईपर्यंत तिथून हलले नाही. त्याने रिव्हेट ओल्यात मारले, सगळे.

धावपट्टीवर जायच्या आधी त्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तुझं वजन किती गं ताई? पहिल्या उड्डाणाला शेजारच्या सीटवर वाळूची पिशवी ठेवायची म्हणतोय. तू बसशील तेव्हा जेवढा भार येईल तेवढाच, म्हणजे विमान कसं वागतं ते कळेल." मी वजन सांगितलं. खरं सांगितलं. आमच्यात कुणीतरी खरं बोलायला हवं होतं.

घाटावर सकाळी छान वारा होता. आई आली नाही. नाणं देव्हाऱ्यात परत गेलं होतं, तिने ते चिंचेने घासून लख्ख केलं होतं, आणि मुलाशी ती कामापुरतंच बोलत होती. नवरा आला होता, फोटो काढत होता. भावाने वाळूची पिशवी उचलून शेजारच्या सीटवर ठेवली, नीट बसवली, आणि तिला पट्टा लावला. खांद्यावरून, कमरेवरून, माझ्यासाठी बसवलेला तोच पट्टा. मग तो आत बसला.

विमान उडालं. सुंदर उडालं. मी मान वर करून डावा पंखच बघत होते, बाकी काही दिसलंच नाही मला. त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि चाकं अलगद जमिनीला टेकवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आनंदाचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेवढी खोटारडी मीही नाही.

तो विमान आमच्यापर्यंत घेऊन आला, नाकावरचा पंखा थांबला, काचेची टोपी उघडली. त्याचा चेहरा लहानपणी पतंग काटल्यावर व्हायचा तसा झाला होता. तो वाकून पिशवीचा पट्टा सोडवायला लागला.

"ताई, ये ना. आता तुझी सीट."

मी जवळ गेले. पंखावर हात ठेवला. गार होता, स्वच्छ होता. आत काय आहे ते मला रिव्हेटगणिक माहीत होतं.

"पट्टा सोडू नकोस," मी म्हणाले. "राहू दे तिथे ती पिशवी."